मंगरूळपीरचा रस्ता

श्रोतेहो, रस्ता म्हणजे दोन गांवांमधलें अंतर, असें आपण सहज म्हणून जातों. परंतु एक गांव भरभराटीस कां आलें आणि दुसरें मागें कां राहिलें, याचा शोध करूं लागलें म्हणजे उत्तर पुष्कळदां रस्त्यावरच सांपडतें. वाशीम जिल्ह्यांतील मंगरूळपीर हें याचें चांगलें उदाहरण आहे. अकोल्याहून मंगरूळपीर व मानोरा यांवरून दिग्रसकडे जाणाऱ्या रस्त्याची हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे.

प्रथम हा रस्ता जातो कसा, तें पाहूं. वऱ्हाडाचे दोन भाग पूर्वापार मानण्यांत येतात. पूर्णेच्या खोऱ्यांतील सपाट प्रदेश तो पायनघाट, आणि त्याच्या दक्षिणेचा उंच प्रदेश तो बालाघाट. अकोला पायनघाटांत आहे, मंगरूळपीर बालाघाटावर. रस्ता बार्शीटाकळी व महान या गांवांवरून चढत जातो. महान येथें काटेपूर्णा नदीस धरण बांधलेलें असून अकोला शहरास त्याचें पाणी मिळतें. पुढें शेलूबाजार लागतें. नागपूरहून कारंजा, मालेगांव, मेहकर व जालना यांवरून छत्रपती संभाजीनगरकडे जाणारा जुना मोठा रस्ता येथें आपल्या रस्त्यास आडवा येतो. शेलूबाजाराच्या दक्षिणेस कांहीं कोसांवर मंगरूळपीर आहे.

या प्रवासांत एक मौजेची गोष्ट घडते, ती उतारूंच्या ध्यानांत येत नाहीं. महानला आपण जें पाणी पाहतों, तें पूर्णेंतून तापीला व तेथून पश्चिम समुद्रास मिळतें. मंगरूळपीरकडील अडाण नदीचें पाणी मात्र वर्धेंतून गोदावरीला व तेथून पूर्व समुद्रास जातें. म्हणजे या थोड्याशा वाटेंत आपण दोन समुद्रांमधील पाणलोटाची सीमा ओलांडतों. अशा उंचवट्यावर पडलेलें पाणी दोहों बाजूंनीं निघून जातें. म्हणून पावसाळ्यांत चिखल आणि उन्हाळ्यांत टंचाई, हें या मुलुखाचें जुनें दुखणें आहे.

गांवाच्या नांवांतील ‘पीर’ हा शब्द हयात कलंदर यांच्या दर्ग्यावरून आला. विदर्भांत मंगरूळ नांवाचीं गांवें अनेक असल्यामुळें ही खूण उपयोगी पडली. दर्ग्याच्या दर्शनास येणाऱ्या यात्रेकरूंच्या पायांखालीं या वाटा प्रथम मळल्या असल्या, तरी त्यांवरून माल नेणारे होते ते बंजारे. पाठीवर गोण्या लादलेल्या बैलांचे तांडे धान्य व मीठ घेऊन दूरदूरचे मुलूख पालथे घालीत. वऱ्हाडचा कापूस अशाच बैलांच्या पाठीवरून गंगेकांठच्या मिर्झापूरपर्यंत जात असे. बंजारा समाजाचें मोठें श्रद्धास्थान पोहरादेवी हें याच भागांत, मानोरा तालुक्यांत आहे.

ही व्यवस्था आगगाडीनें मोडली. इ. स. १८५३ मध्यें वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखालीं आलें, आणि १८६७ सालीं मुंबईकडील लोहमार्ग भुसावळ व अकोला यांवरून नागपुरास पोंचला. रुळ सपाटीनें गेले. बालाघाट वरच राहिला. शेकडों कोस चालणाऱ्या तांड्यांचें काम संपलें, आणि घाटावरचा कापूस बंड्यांतून अकोल्याच्या स्टेशनापर्यंत उतरविणें एवढेंच काम रस्त्यास उरलें. पुढें मूर्तिजापूर ते यवतमाळ ही लहान गाडी कारंज्यावरून धांवूं लागली; तीही आतां बंद पडली आहे. वाशीमलाहि लोहमार्ग मिळाला. मंगरूळपीरला मात्र तो अद्यापि मिळालेला नाहीं. येथील शेतकऱ्याची सारी भिस्त रस्त्यावर राहिली, ती यामुळें.

आणि येथें रस्ता टिकविणें सोपें नव्हे. काळी माती पाणी प्यायली कीं फुगते, वाळली कीं भेगाळते. तिच्यावर नुसती खडी पसरली तर दोन-तीन पावसाळ्यांत ती खालीं रुतते. म्हणून काळा थर काढून मुरुमाचा पाया भरावा लागतो, आणि दोहों अंगांस पाणी वाहून जाण्यास चर ठेवावे लागतात. चर बुजले कीं रस्ता गेलाच म्हणून समजावें.

कारभाराच्या सीमाहि बदलत गेल्या. १९०५ पर्यंत मंगरूळ तालुका जुन्या वाशीम जिल्ह्यांत होता. तो जिल्हा मोडल्यावर तालुका अकोल्याकडे आला, आणि १ जुलै १९९८ रोजीं वाशीम जिल्हा पुन्हां झाला तेव्हां परत वाशीमकडे गेला. दफ्तरें हललीं, तरी रस्त्याचें महत्त्व कमी झालें नाहीं.

आतां नवा अध्याय सुरू झाला आहे. नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरांचा समृद्धी महामार्ग शेलूबाजाराजवळून गेला. त्याचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजीं, आणि शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजीं खुला झाला. पण त्यावर दुचाकी, तीनचाकी व ट्रॅक्टर यांना मज्जाव आहे, आणि ठरलेल्या नाक्यांवांचून कोठेंहि चढतां येत नाहीं. म्हणजे ज्याच्या शेतावरून तो गेला, त्या शेतकऱ्यास स्वतःच्या वाहनानें त्यावर पाऊल ठेवतां येत नाहीं. त्याचें सोयाबीन आणि कापूस प्रथम जुन्या रस्त्यानेंच बाजारांत जावयाचा.

आगगाडीच्या वेळीं हेंच झालें होतें. मोठा मार्ग जवळून गेला म्हणजे भाग्य उदयास आलें, असें मानून स्वस्थ बसणारीं गांवें पाहतच राहिलीं. ज्यांनीं त्या मार्गापर्यंतची आपली वाट धड राखली, त्यांच्या बाजारपेठा वाढल्या. मंगरूळपीर ते शेलूबाजार हे जे कांहीं कोस आहेत, ते भर पावसाळ्यांतहि सुखानें ओलांडतां येतात कीं नाहीं, यावर समृद्धीचा खरा लाभ अवलंबून आहे. तेव्हां श्रोतेहो, पुढच्या खेपेस या वाटेनें जाल, तेव्हां महामार्गाच्या कमानींकडे अवश्य पाहा. पण त्याबरोबर जुन्या रस्त्याच्या कडेचे चर मोकळे आहेत ना, तेंहि एकदां पाहून घ्या.