कंबर दुखतेय? लगेच एमआरआय काढायची गरज आहे का?

कंबर धरली की अनेक जण थेट एमआरआय काढायला जातात. रिपोर्टमध्ये ‘डिस्क बल्ज’ दिसलं की पोटात गोळा येतो. पण दुखण्याचं कारण तेच असेल, असं नाही.

२०१५ मध्ये ३३ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात कंबर अजिबात दुखत नसलेल्या ३,११० लोकांचे स्कॅन होते. त्यानुसार विसाव्या वर्षी सुमारे ३० टक्के, तर ऐंशीव्या वर्षी ८४ टक्के लोकांमध्ये बल्ज असतो. केस पिकतात तशी मणक्यातली चकतीही वयानुसार झिजते.

म्हणूनच हाताने मणक्यांवर उपचार करणाऱ्या कायरोप्रॅक्टर्सच्या अमेरिकेतल्या संघटनेनंही २०१७ मध्ये सांगितलं, की नव्यानं सुरू झालेल्या कंबरदुखीत धोक्याची लक्षणं नसतील, तर पहिले सहा आठवडे स्कॅन नको. तोवर बहुतेकांना आराम पडतो.

मग थांबायचं कधी नाही? पायातली ताकद जाणं, लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, जांघेत बधिरपणा, ताप, जोराचा मार किंवा पूर्वी झालेला कॅन्सर, यापैकी काहीही असेल तर लगेच डॉक्टरांना गाठा. अशा वेळी रील पाहून पाठ ‘कडकड’ मोडून घेऊ नका.