एक टन म्हणजे एक विहीर

उन्हाळ्यात गावी गेलो की मळ्यातल्या कोरड्या विहिरीत डोकावल्याशिवाय मला राहवत नाही. यंदा दोरीला दगड बांधून आत सोडला आणि मापच घेतलं. रुंदी २५ फूट, खोली ४० फूट. दगड तळाला टेकला, कपारीतले पारवे फडफडत वर आले. कठड्यावर बसून मी हिशेब केला आणि अंगावर काटा आला. एक टन कार्बन डायऑक्साइड वायू या विहिरीत मावतो, आणि तोही अगदी काठोकाठ!

कार्बन क्रेडिट म्हणून जगभर जे विकलं जातं, त्या एका क्रेडिटमध्ये हीच एक विहीर असते. आपण एक टन धूर सोडायचा, दुसऱ्या कुणाला तरी पैसे देऊन तिकडे एक टन थांबवायचा आणि वहीत जमा-खर्च जुळवायचा. यालाच ऑफसेट म्हणतात. तिकडची विहीर थांबवलेल्या वायूने खरोखर भरली का, हा सगळा प्रश्न आहे.

आधी विहिरीचा अंदाज घेऊ. मुंबई-पुणे १५० किलोमीटर, लिटरला १५ किलोमीटर पळणारी गाडी. पेट्रोल जळालं १० लिटर, वायू निघाला २३ किलो. अशा ४३ खेपा झाल्या की एक विहीर भरली. घरात महिन्याला १०० युनिट वीज जळत असेल, तर १४ महिन्यांत दुसरी भरली. आणि आंब्याचं एक मोठं झाड वर्षाला ढोबळमानाने २० किलो वायू शोषतं असं धरलं, तर ही विहीर उपसायला त्याला ५० वर्षं लागतील. आजोबांनी लावलेलं झाड नातवाच्या एका विहिरीला पुरेल!

आता जगाकडे वळू. कोळसा, तेल, वायू जाळून आणि सिमेंट बनवून जग वर्षाला सुमारे ३,७०० कोटी टन सोडतं. म्हणजे सेकंदाला जवळपास १,१७० विहिरी. डेक्कन क्वीन पुण्याहून निघून मुंबईला पोचेपर्यंत १ कोटी ३० लाखांच्या वर विहिरी तुडुंब! हेच वजन मालगाडीत भरू. ५८ वॅगनची रेक साधारण ४ हजार टन माल नेते. म्हणजे दर साडेतीन सेकंदांना एक भरलेली रेक. वर्षभराच्या रेक एकापुढे एक लावल्या, तर ती रांग चंद्रापर्यंत जाऊन परत येईल. एकदा नव्हे, सात वेळा!

यातली एक रेक हवेतून परत उपसणं किती अवघड आहे? आइसलँडमध्ये २०२१ साली ऑर्का नावाचा कारखाना सुरू झाला. हवेतला वायू गाळून तिथे तो जमिनीखालच्या बेसॉल्टमध्ये मुरवतात, म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या भाईबंद दगडात. वर्षभराची क्षमता ४ हजार टन. पूर्ण वर्षाची एक रेक! जगाची साडेतीन सेकंदं.

मग थांबवणं सोपं असेल? इथे आकडे भलतेच उड्या मारतात. फ्रिज-एसीतला एक वायू बनवताना एचएफसी-२३ नावाचा टाकाऊ वायू निघतो. क्योटो कराराच्या ऑफसेट योजनेत त्याचा एक किलो म्हणजे कार्बन डायऑक्साइडचे ११,७०० किलो धरले गेले. स्वयंपाकघरातला १४.२ किलोचा सिलिंडर डोळ्यांसमोर आणा. तेवढा एचएफसी-२३ म्हणजे १६६ विहिरी. मुंबई-पुण्याच्या ७,२०० खेपा! रोज एक खेप मारली तरी जवळपास २० वर्षं. आणि तो जाळून टाकायला खर्च किती? संशोधक मायकेल वारा यांनी २००७ साली 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत हिशेब मांडला. या वायूच्या क्रेडिटची एकूण किंमत ४७० कोटी युरो, म्हणजे तेव्हाच्या दराने २५ हजार कोटी रुपयांच्या वर. प्रत्यक्ष कामाचा खर्च १० कोटी युरोंहूनही कमी. एक रुपयाच्या कामाला ४७ रुपये! कारखान्यांना मालापेक्षा कचराच जास्त पैसे देऊन गेला. शेवटी युरोपने २०१३ पासून ही क्रेडिट बंद केली, आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये भारत सरकारने पाच कारखान्यांना सांगितलं, हा वायू स्वखर्चाने जाळा.

जंगलं वाचवण्याच्या १८ प्रकल्पांचं गणित तर थक्क करणारं आहे. २०२० पर्यंत त्यांच्यातून ८ कोटी ९० लाख क्रेडिट निघणार होती. 'सायन्स'मधल्या २०२३ च्या अभ्यासाने तपासलं, तर खरी ठरली ५४ लाख. मालगाड्यांत भरून पाहा. मुंबई-पुणे लोहमार्गावर एकाशेजारी एक अशा टोकापासून टोकापर्यंत ७५ रांगा लागायला हव्या होत्या. लागल्या साडेचार! सुधारित चुलींच्या क्रेडिटमध्ये प्रत्यक्षाच्या ९.२ पट मोजणी आढळली. भारतातल्या पवनचक्क्यांच्या ऑफसेटपैकी निदान ५२ टक्के अशा प्रकल्पांना मिळाले, जे पैसे आले नसते तरी बहुधा उभे राहिलेच असते. आणि कॅलिफोर्नियात आगीची भरपाई म्हणून जंगलांचा जो साठा १०० वर्षांसाठी बाजूला ठेवला होता, त्यातला निदान ९५ टक्के वणव्यांनी पहिल्या १० वर्षांतच खाल्ला. शंभर वर्षांची शिदोरी पहिल्याच मुक्कामाला संपली.

आता दम धरा. २०२४ साली 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये अशा अभ्यासांची एकत्र बेरीज झाली. जवळपास १०० कोटी टनांची क्रेडिट तपासली. खरी निघाली १६ टक्क्यांहून कमी. उरलेल्या ८४ टक्क्यांहून अधिक विहिरी कागदावर भरलेल्या, आत ठणठणीत कोरड्या. त्या रिकाम्या विहिरी काठाला काठ लावून मांडल्या, तर पृथ्वीला दीडशेहून अधिक वेढे बसतील. दीडशे! आणि प्रत्येक विहिरीच्या भरवशावर कुणीतरी कुठेतरी एक टन धूर निर्धास्त सोडलेला.

पण दर शंभरातल्या जवळपास १६ विहिरी खऱ्या आहेत, आणि त्या ओळखता येतात. कुणी तुम्हाला क्रेडिट विकायला आलं तर विचारा. हे पैसे मिळाले नसते, तर हे काम झालंच नसतं का? इथलं झाड वाचवलं म्हणून शेजारच्या डोंगरावर कुऱ्हाड तर पडली नाही ना? ४० वर्षांनी हा वायू कुठे असेल? हाच टन आणखी कुणाच्या वहीत तर जमा नाही? उत्तरं गोलमोल आली, तर पैसे खिशातच ठेवा आणि पुढच्या खेपेला पुण्याला रेल्वेने जा.