कमी केलेलं वजन परत का येतं?

काही दिवसांपूर्वी बावन्न वर्षांचे एक गृहस्थ पत्नीसोबत तपासणीला आले होते. मुलीच्या लग्नाआधी चार महिन्यांत त्यांनी अकरा किलो वजन उतरवलं होतं. भात बंद, पोळी बंद, रात्री नुसतं सूप, सकाळी तासभर चालणं. लग्नात सगळ्यांनी कौतुक केलं. मग लग्न उरकलं, पाऊस सुरू झाला आणि चालणं थांबलं. दहा महिन्यांनी काट्यावर नऊ किलो परत आले होते आणि एचबीए१सी ६.३ वरून ७.१ वर गेलं होतं.

"डॉक्टर, माझ्यात जिद्दच नाही," ते म्हणाले. पत्नीनेही मान डोलावली.

मला हे पटलं नाही. जिद्द नसती तर अकरा किलो उतरलेच नसते. चूक पद्धतीत होती.

शरीर वजन परत मागतं

आपण खाणं एकदम कमी करतो तेव्हा शरीराला तो दुष्काळ वाटतो. भूक वाढवणारं घ्रेलिन हे संप्रेरक वाढतं आणि "पोट भरलं" असा निरोप मेंदूला देणारं लेप्टिन कमी होतं. २०११ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी दहा आठवडे अतिशय कमी उष्मांकांचा आहार घेतलेल्या लोकांची तपासणी केली. वर्ष उलटलं तरी त्यांची भुकेची संप्रेरकं पूर्ववत झालेली नव्हती. म्हणजे डाएट संपल्यावर लागणारी ती भूक मनाचे चोचले नसतात, ती खरीच असते.

दुसरी गोष्ट स्नायूंची. व्यायामाशिवाय आणि पुरेशा प्रथिनांशिवाय वजन उतरवलं, तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात. वजन परत येतं तेव्हा मात्र बहुतांशी चरबीच येते. त्यामुळे काटा पूर्वीइतकाच दाखवत असला तरी शरीर पूर्वीपेक्षा अशक्त आणि जास्त चरबीचं झालेलं असतं. दर दोन वर्षांनी "क्रॅश डाएट" करणाऱ्यांचं हेच होतं.

म्हणून मी रुग्णांना अकरा किलोचं ध्येय देत नाही. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या लोकांवर अमेरिकेत एक मोठा अभ्यास झाला, तो २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यात वजन फक्त ७ टक्के कमी करणं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम, एवढंच ध्येय होतं. तरीही मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. ८० किलोच्या माणसासाठी ७ टक्के म्हणजे साडेपाच किलो. हे सहा महिन्यांत, भात-पोळी न सोडता होऊ शकतं.

ताटात काय बदलायचं

आपल्या जेवणात खरी उणीव प्रथिनांची असते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढाला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. ६० किलोच्या व्यक्तीला साधारण ५० ग्रॅम. आता हिशोब करा. वाटीभर घट्ट वरणात ६-७ ग्रॅम, एका अंड्यात ६, मोठा पेलाभर दुधात ८, मूठभर शेंगदाण्यांत ७. सकाळी कांदेपोहे, दुपारी बटाट्याची भाजी-पोळी, रात्री खिचडी असा दिवस असेल तर हा आकडा गाठणं अवघड आहे.

त्यासाठी महागडी पावडर लागत नाही. पोह्यांसोबत एक अंडं किंवा वाटीभर मोड आलेली मटकी घ्या. वरण पातळ पाण्यासारखं करू नका. भाजीइतकीच उसळ ताटात वाढा, पिठलं-भाकरी आठवड्यातून दोनदा होऊ द्या. मांसाहार करत असाल तर मासे आणि चिकन उत्तमच, फक्त तळून नकोत. भात सोडायचा नाही, तो दोन वाट्यांवरून एका वाटीवर आणायचा. (मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनं वाढवण्याआधी डॉक्टरांशी बोला.)

उपवासाबद्दल थोडं स्पष्ट बोलतो. साबुदाण्यात जवळजवळ सगळा स्टार्चच असतो, प्रथिनं नावालाच. साबुदाण्याची खिचडी, वर बटाट्याचे वेफर्स, असा उपवास साखर असलेल्यांना नेहमीच्या जेवणापेक्षा महाग पडतो. भगर थोडी, सोबत ताक, दही, दाण्याची आमटी आणि एखादं फळ असं खाल्लं तर उपवासही होतो आणि साखरही आटोक्यात राहते.

आणखी एक. घरात एकासाठी वेगळं "डाएटचं" जेवण शिजवू नका. ते फार तर दोन महिने टिकतं, शिजवणारीही कंटाळते. सगळ्या घराचं ताट थोडं बदला. मधुमेह घराण्यात असेल तर मुलांनाही त्याची गरज आहेच.

व्यायाम: नुसतं चालणं पुरत नाही

अर्ध्या तासाच्या भरभर चालण्याने सत्तर किलोच्या माणसाचे सुमारे १५० कॅलरी खर्च होतात. एका वडापावात याहून जास्त असतात. त्यामुळे केवळ व्यायामाने वजन फारसं उतरत नाही. पण उतरलेलं वजन टिकवण्यात व्यायामाचा वाटा मोठा आहे आणि साखर, रक्तदाब, झोप यांवर त्याचा फायदा वजन न घटताही होतो.

जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम सुचवते. हा दुसरा भाग सगळे विसरतात. जिम हवीच असं नाही. हात न टेकता खुर्चीतून दहा वेळा उठणं-बसणं, भिंतीला टेकून दंड, पाण्याने भरलेल्या बाटल्या उचलणं, जिन्याच्या पायरीवर टाचा वर-खाली करणं, एवढं वीस मिनिटांत होतं. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं घरातल्या घरात चाललात तरी जेवणानंतरची साखर कमी चढते. पावसाळ्यात हाच उपाय कामी येतो.

खंड पडणारच. लग्नसराई, गणपती, दिवाळी, आजारपण. व्यायाम थांबला की दोन-चार आठवड्यांत दम कमी होतो, पण स्नायूंची ताकद त्यामानाने हळू जाते आणि परत लवकर येते. लंडनमधल्या एका अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले आणि मधला एखादा दिवस चुकल्याने फारसा फरक पडला नाही. मात्र "आता दिवाळीनंतरच सुरू करू" हे वाक्य धोक्याचं. त्या दिवसांत अर्ध्या तासाऐवजी दहा मिनिटं करा, पण करा.

त्या गृहस्थांना मी दोनच कामं दिली: रात्रीच्या जेवणानंतर पत्नीबरोबर पंधरा मिनिटं चालणं आणि सकाळच्या नाश्त्यात प्रथिनं. महिन्याने तिसरं काम देणार आहे. वजन आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी करायला सांगितलं आहे. दोन किलो वाढलं की लगेच लक्ष द्यायचं, नऊ किलोची वाट पाहायची नाही.

सुरू करण्यापूर्वी

ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर व्यायाम वाढवताना किंवा जेवण कमी करताना साखर एकदम उतरू शकते. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी ही लक्षणं ओळखा, खिशात साखर ठेवा आणि औषधाचा डोस डॉक्टरांना विचारून बदलून घ्या. चालताना छातीत दाब आला, दम अनपेक्षित लागला, जबडा किंवा डावा हात दुखू लागला तर तिथेच थांबा. थांबल्यावर बरं वाटलं तरी त्याच दिवशी तपासून घ्या, आणि दाब काही मिनिटांत गेला नाही तर लगेच १०८ ला फोन करा.