युरोपच्या सहलीची बॅग भरण्याआधी

ग्रुप टूरचे पैसे भरण्याआधी पासपोर्ट उघडून बघा. शेंगेन व्हिसासाठी तो गेल्या १० वर्षांत काढलेला, परतीनंतर किमान ३ महिने चालणारा आणि २ पानं कोरी असलेला लागतो. मुदत संपत आली असेल तर आधी नूतनीकरण करा. मुंबईचं प्रादेशिक पासपोर्ट कार्यालय वांद्रे-कुर्ला संकुलातल्या विदेश भवनात आहे. व्हिसासाठी प्रवासविमाही किमान ३०,००० युरोचा हवा. अर्ज टूरवाले भरून देतात, बोटांचे ठसे मात्र आपणच जाऊन द्यायचे.

आणि आजीने फडक्यात बांधून दिलेले पेढे घरीच ठेवा. दुधाचे, मांसाचे पदार्थ युरोपीय संघात नेता येत नाहीत, विमानतळावर काढून घेतात. मेतकूट, शेंगदाण्याची चटणी खुशाल न्या. रोजच्या गोळ्या चिठ्ठीसकट हातातल्या पिशवीतच असू द्या.