पूलशेजारची खुर्ची किती इंच उंच आहे?

एका श्रोत्यानं विचारलंय, "रिसॉर्टला रॅम्प आहे, लिफ्ट आहे, मग पूलवर व्हीलचेअरवाल्यांचं अडतं कुठे?" मी स्वतः व्हीलचेअर वापरतो, त्यामुळे सरळ सांगतो. बसायला अडतं.

व्हीलचेअरची सीट साधारण १८ ते २० इंच उंच असते. पूलशेजारचे लाउंजर, म्हणजे त्या आडवं पडायच्या लांब खुर्च्या, बऱ्याचदा जेमतेम फूटभर. खाली सरकणं एक वेळ जमतं. पण परत येताना तेच सहा ते आठ इंच निव्वळ हातांच्या जोरावर चढायचे! मग स्टाफची दोन पोरं धावत येतात, एक काखेत हात घालतो, दुसरा पाय धरतो आणि सगळा पूल आपल्याकडे बघतो. पोरांचा हेतू चांगलाच असतो हो, पण अशा ओढाओढीत खांदा दुखावतो.

म्हणून सीट व्हीलचेअरच्या बरोबरीची हवी, टोकावर वजन पडलं तरी न कलंडणारी. आणि शेजारी व्हीलचेअर उभी राहील एवढी, साधारण ३ फूट बाय ४ फूट, सपाट जागा. लॉन किंवा गोटे नकोत, चाकं रुततात.

अमेरिकेत एडीएच्या २०१० च्या मानकांनी पूलमध्ये उतरवणाऱ्या लिफ्टची सीट १६ ते १९ इंच उंचीवर थांबली पाहिजे आणि तिनं किमान १३६ किलो पेललं पाहिजे, असं ठरवून दिलंय. गंमत म्हणजे सुट्या लाउंजरच्या उंचीबद्दल त्यात काहीच नाही! आपल्याकडे २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे. ८ नोव्हेंबर २०२४ ला राजीव रतुरी खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की सुगम्यतेचे नियम नुसत्या शिफारशी असून चालणार नाही, बंधनकारक हवेत.

आता सावली. ही चैन नाही बरं का. मणक्याला वरच्या भागात इजा झाली असेल तर इजेच्या खाली घाम नीट येत नाही, उन्हात अंग तापत जातं. त्यात संवेदना नसते. तापलेल्या लोखंडी पट्टीवर मांडी भाजली तरी कळत नाही, फोड दिसतो रात्री कपडे बदलताना. अशी जखम भरायला आठवडे जातात. म्हणून छत्री हवी आणि जाड गादीही.

अजून एक. आपण लाउंजरवर गेलो की स्टाफ व्हीलचेअर उचलून कोपऱ्यात नेतो, चप्पल स्टँडवर ठेवावी तशी. नेऊ देऊ नका. हात पोचेल तिथेच राहू दे.

बुकिंगच्या फोनवर "ॲक्सेसिबल आहे का?" असं विचारू नका, उत्तर "हो सर" असंच येतं. त्यापेक्षा लाउंजरला मेजरिंग टेप लावून फोटो व्हॉट्सॲप करायला सांगा. फोटो आल्यावरच ॲडव्हान्स भरा.