सव्वीस पिढ्यांची वाटणी

भारत आणि युरोपीय संघ यांच्यातील मुक्त व्यापार कराराची चर्चा आयातशुल्काच्या आकड्यांभोवतीच फिरत राहिली; युरोपातून येणाऱ्या वाईनच्या बाटलीवर घराण्याच्या पुण्याईचीही किंमत लावलेली असते, याकडे फारसे कोणी पाहिले नाही. इटलीतील फ्लॉरेन्सचे आंतिनोरी घराणे हे या पुण्याईचे ठळक उदाहरण होय. १३८५ मध्ये जोव्हान्नी दी पिएरो आंतिनोरी वाईन-व्यापाऱ्यांच्या श्रेणीत, म्हणजे त्या व्यवसायाचे नियमन करणाऱ्या संघात, दाखल झाला आणि तेव्हापासून २६ पिढ्या मोजल्या जातात. ही मोजणी खोटी नसली तरी सोयीची आहे, कारण या घराण्याचा रेशमाचा आणि सावकारीचाही व्यवहार होता, आणि वाईन-उद्योगाला आजचे रूप १९व्या शतकाच्या अखेरीस आले.

घराण्याचा आजचा लौकिक तर परंपरा मोडून मिळालेला आहे. तोस्काना प्रांतातील किआंती या लाल वाईनमध्ये काही पांढरी द्राक्षेही मिसळणे नियमाने बंधनकारक असताना पिएरो आंतिनोरी यांनी १९७१ च्या हंगामापासून ‘तिन्यानेल्लो’ या वाईनसाठी किआंतीचे नावच सोडले, ती २२५ लिटरच्या ओक पिंपांत मुरवली आणि १९७५ पर्यंत पांढरी द्राक्षे पूर्णपणे वगळली. ही महागडी वाईन त्यामुळे कागदोपत्री ‘टेबल वाईन’ या सर्वांत खालच्या वर्गात गेली (कायद्याला चवीशी देणेघेणे नव्हते) आणि तरीही गाजली.

खरी कसोटी लागली ती वाटणीत. इटलीच्या कायद्यानुसार अपत्यांचा वाटा मृत्युपत्रानेही डावलता येत नाही, त्यामुळे मालकी पिढीगणिक विभागत जाते. पिएरो यांचे बंधू लोदोव्हिको यांनी १९८१ मध्ये ऑर्नेल्लाया हा वेगळा मळा उभारला आणि तो अखेरीस फ्रेस्कोबाल्दी या फ्लॉरेन्सच्याच दुसऱ्या जुन्या घराण्याकडे गेला. मूळ उद्योगाचा काही हिस्सा व्हिटब्रेड या ब्रिटिश बिअर कंपनीकडे गेला होता, तो परत मिळवायला १९९१ उजाडले. हे पाहिलेल्या पिएरो यांनी पुढे मालकी ९० वर्षांच्या न्यासात, म्हणजे मालमत्ता वारसांच्या नावे न करता विश्वस्तांकडे सोपवण्याच्या व्यवस्थेत, ठेवली, आणि कारभार आल्बिएरा, आल्लेग्रा व आलेस्सिया या तिन्ही मुलींकडे आला.

सातबाऱ्यावर वाढत जाणारी नावे पाहण्याची सवय असलेल्या महाराष्ट्रात नाशिकचा वाईन-उद्योग अजून इतका तरुण आहे, की तेथे वाटणीचा हा प्रश्न पुरता उभाच राहिलेला नाही; १९९९ मध्ये स्थापन झालेल्या सुला या तेथील वाईन-कंपनीने तर डिसेंबर २०२२ मध्ये शेअर बाजाराची वाट धरली, जेथे मालकीचे वाटे रोजच विकले जातात.