साथीचा प्रश्न : मार्टिन कार्थी यांची गिटार व स्वार्ब्रिक यांचे व्हायोलिन

इंग्लंडातील जुने लोकगायक बहुधा कोणत्याही वाद्याच्या साथीवाचून गात. शेतमजूर, कोळी आणि खाणकामगार यांच्या तोंडची ही गाणी सेसिल शार्प यांनी १९०३ पासून टिपून घेण्यास आरंभ केला. पुढे ती छापून काढताना त्यांनी त्यांना पियानोची साथ लिहिली, आणि तेथेच एक अडचण उभी राहिली. यातील पुष्कळ चाली आपल्या काफी किंवा खमाज थाटाशी मिळत्याजुळत्या स्वरसप्तकांत बांधलेल्या आहेत. पाश्चात्त्य स्वरसंवादाची घडण मात्र प्रामुख्याने तीव्र व कोमल गांधाराच्या दोन सप्तकांवर झालेली. त्या चौकटीत चाल बसवू गेले की तिचा मूळ रंग उतरतो. शिवाय गायक प्रत्येक कडव्यात स्वर व कालमान थोडेफार बदलीत असे. पर्सी ग्रेंजर यांनी १९०६ साली लिंकनशरमध्ये फोनोग्राफ नेऊन जोसेफ टेलर प्रभृती गायकांचे ध्वनिमुद्रण केले, तेव्हा हे बदल म्हणजे वृद्धांच्या चुका नसून ती त्यांची कलाच होय, हे स्पष्ट झाले. लिहून ठेवलेली साथ अशा गायकाचे पाय बांधल्याखेरीज राहत नाही.

मार्टिन कार्थी यांच्या कारकिर्दीचे महत्त्व या प्रश्नाच्या संदर्भातच नीट ध्यानात येते. त्यांचा जन्म १९४१ चा. बालपण लंडनच्या हॅम्पस्टेड भागात गेले. लहानपणी ते चर्चच्या गायकवृंदात गात, आणि शाळा सुटल्यावर त्यांनी काही काळ नाट्यव्यवसायात रंगमंचामागची कामे केली. गिटारीचा नाद लागला तो अमेरिकन गाण्यांमुळे. बिग बिल ब्रून्झी व एलिझाबेथ कॉटन या कृष्णवर्णीय वादकांचा त्यांच्या बोटांवर मोठा संस्कार आहे. परंतु वयाच्या सतराव्या वर्षी त्यांनी नॉर्फोकचे वृद्ध कोळी सॅम लार्नर यांना लंडनमध्ये प्रत्यक्ष ऐकले, आणि अंतरीची ओढ इंग्रजी गाण्याकडे वळली. पेच असा की, हाती वाद्य होते ते अमेरिकेकडून आलेले, आणि गावयाचे होते ते वाद्यावाचून वाढलेले गाणे.

हा पेच एकट्याने सुटला नाही. डेव्ह स्वार्ब्रिक हे बर्मिंगहॅमच्या इयन कॅम्बेल यांच्या संचातील व्हायोलिनवादक. कार्थी यांच्या १९६५ च्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेत त्यांची साथ आहे, आणि १९६६ पासून ही जोडी गावोगावच्या लोकगीत-मंडळांतून हिंडू लागली. अशी मंडळे तेव्हा बहुधा मद्यगृहांच्या वरच्या खोल्यांत भरत. तेथे दोन माणसे, दोन वाद्ये आणि एक आवाज विजेच्या साहाय्यावाचून श्रोत्यांच्या अगदी जवळ बसून गात-वाजवीत. ‘बायकर हिल’ (१९६७) व ‘बट टू केम बाय’ (१९६८) या ध्वनिमुद्रिका त्या काळातल्या. ‘बायकर हिल’ हे खाणकामगारांचे गीत त्यांनी नऊ मात्रांच्या विषम आवर्तनात बसविले आहे. लय अडखळल्यासारखी वाटते, पण पडत नाही.

या जोडीत व्हायोलिन गाण्याखाली स्वरांचा पाट मांडीत नाही. ते आवाजाला बिलगून, कधी अर्धे पाऊल पुढे तर कधी मागे, तीच चाल आपल्या बोलीत म्हणते. आणि दोन कडव्यांच्या मधली जागा मिळाली की मोकळे सुटते. चाल सांभाळणारे दुसरे कोणी असल्यामुळे गिटारीला सतत स्वरगुच्छ वाजवीत बसण्याचे कारण उरत नाही. कार्थी यांची गिटार हळूहळू आवाजाबरोबर चालच वाजवू लागली, आणि अंगठ्याचा खर्जातील ठोका तेवढा खाली राहिला. आपल्याकडे गायकामागून जाणाऱ्या सारंगीची येथे आठवण व्हावी. साम्य उसनवारीचे नव्हे, प्रश्नाच्या सारखेपणाचे आहे.

तारा जुळविण्यातही त्यांनी हाच मार्ग धरला. गिटारीच्या रूढ जुळणीत खर्जाकडून क्रमाने ई, ए, डी, जी, बी, ई असे स्वर असतात. त्यात जी आणि बी यांमधील अंतर षड्ज-गांधाराचे आहे. अनेक वर्षे फेरफार करीत कार्थी ज्या जुळणीवर स्थिरावले ती सी, जी, सी, डी, जी, ए अशी. सी हा षड्ज मानल्यास सा, प, सा, रे, प, ध. म्हणजे मोकळ्या तारांत गांधार नाहीच. तीव्र की कोमल, हा निर्णय वाद्य आगाऊ देत नाही, तो चालीवर सोपविला जातो. माझ्या मते त्यांच्या सर्व कामगिरीत हा शोध सर्वाधिक मोलाचा. मात्र पियानोच्या साथीवर वाढलेल्या श्रोत्याला ही गिटार प्रथम कोरडी वाटते, हेही खरे.

साथ ही स्वतंत्र निर्मिती आहे, हे जगाला कळले ते एका वादामुळे. ‘स्कारबरो फेअर’ ही चाल ईवन मॅकॉल यांनी शिशाच्या खाणीतील एका वृद्ध कामगाराकडून मिळविली होती. कार्थी यांनी ती छापील संग्रहातून घेऊन तिला स्वतःची गिटारसाथ रचली. लंडनमध्ये आलेल्या पॉल सायमन यांनी ती त्यांच्याकडून उचलली, आणि १९६६ साली सायमन व गारफंकेल यांच्या ध्वनिमुद्रिकेवर ते गाणे त्या दोघांच्याच नावे आले. चाल कोणाचीच नव्हती, हे मान्य. पण बोटांची ती रचना कोणाची तरी होती. कार्थी यांच्या मनातील कडवटपणा दीर्घकाळ टिकला. २००० साली लंडनमध्ये दोघांनी ते गाणे एकाच रंगमंचावर गायिले.

१९६९ मध्ये स्वार्ब्रिक हे ‘फेअरपोर्ट कन्व्हेन्शन’ या विद्युत्-वाद्यांच्या संचात गेले आणि जोडी फुटली. कार्थीही १९७० मध्ये ‘स्टीलाय स्पॅन’मध्ये विजेची गिटार वाजवू लागले, पण तेथे फार रमले नाहीत. १९७२ मध्ये नॉर्मा वॉटरसन यांच्याशी विवाह झाला व त्यांच्या घराण्याच्या वाद्यविरहित समूहगायनात ते सामील झाले. साथीचा आग्रह धरणाऱ्याला साथ टाकूनही गाता येते, याचा हा पुरावा. त्याच वर्षीच्या ‘शियरवॉटर’मधील दीर्घ कथागीतांत एकटी गिटार व्हायोलिनचे कामही अंगावर घेते.

जोडी पुन्हा जमली ती ‘लाइफ अँड लिंब’ (१९९०) व ‘स्किन अँड बोन’ (१९९२) या ध्वनिमुद्रिकांत. पुढे स्वार्ब्रिक यांना फुप्फुसाच्या विकाराने ग्रासले. १९९९ मध्ये तर लंडनच्या एका दैनिकाने त्यांचा मृत्युलेखही छापून टाकला. २००४ मध्ये फुप्फुसरोपण झाल्यावर ते परत उभे राहिले आणि २००६ मध्ये ‘स्ट्रॉज इन द विंड’ निघाली. येथील वादन पूर्वीइतके चपळ नाही, परंतु दोघे परस्परांना अधिक वाट देतात. २०१६ साली स्वार्ब्रिक वारले.

२०२५ च्या मे महिन्यात, आपल्या चौऱ्याऐंशीव्या वाढदिवशी, कार्थी यांनी साठ वर्षांपूर्वीच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेतील गाणी पुन्हा गाऊन प्रसिद्ध केली. आवाज थकलेला आहे. ‘स्कारबरो फेअर’ तीत पुन्हा आले आहे, आणि या खेपेस त्याला सतारीची साथ आहे. ती निखिल बॅनर्जी यांच्या नात्यातील शीमा मुखर्जी यांनी केली आहे.